ज्वालामुखीचं वजन करता येतं, भूकंपाचं नाही

जून 2000 च्या अखेरीस जपानच्या मियाकेजिमा या ज्वालामुखी बेटाखाली धक्के सुरू झाले. जमिनीखालचा शिलारस, म्हणजे मॅग्मा, जागा बदलत होता. तिथे काम करणारा शास्त्रज्ञांचा एक गट ठरलेल्या जागांवर यंत्र मांडून गुरुत्वाकर्षण मोजत होता. शिखराजवळ आकडा घसरलेला निघाला, एके ठिकाणी तर 145 मायक्रोगॅलने (गुरुत्व मोजायचं हे अगदी बारीक एकक, ते पुढे पाहू). दोनच दिवसांनी, 8 जुलैला, शिखर आत कोसळलं. पुढचे काही आठवडे ते खचतच राहिलं आणि दीड किलोमीटरहून रुंद खड्डा तयार झाला. सप्टेंबरमध्ये सगळं बेट रिकामं करावं लागलं. विषारी वायूंमुळे लोकांना परतायला फेब्रुवारी 2005 उजाडलं.

मॅग्मा बाजूला सरकत समुद्राखाली निघून गेला होता आणि शिखराच्या पोटात पोकळी पडत होती. बाहेरून ती दिसणं शक्य नव्हतं. पण तिथलं वस्तुमान कमी झालं होतं, आणि वस्तुमान कमी झालं की त्याची ओढही कमी होते. यंत्राने तेवढंच टिपलं.

अशी उदाहरणं ऐकली की लगेच प्रश्न येतो: मग गुरुत्वाकर्षण मोजून उद्रेक आणि भूकंप आधीच का सांगत नाहीत? उद्रेकाच्या बाबतीत उत्तर आहे, ‘थोडंफार सांगता येतं, पण बऱ्याच अटींवर’. भूकंपाच्या बाबतीत ते वेगळं आहे, आणि त्यामागचं कारण मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात रंजक वाटतं. त्याकडे येऊच, पण आधी हे मोजतात काय आणि कसं, ते पाहू.

9.8 च्या पुढचे आकडे

शाळेत आपण गुरुत्वीय त्वरण 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग असं पाठ करतो आणि ते सगळीकडे सारखं आहे असं समजून चालतो. प्रत्यक्षात विषुववृत्तावर ते सुमारे 9.780 आहे, तर ध्रुवांवर 9.832. डोंगरावर चढलं की कमी होतं. खाली जड खडक असला की किंचित वाढतं, हलका असला की घटतं. हे फरक दशांश चिन्हानंतर बरेच आत असतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं एकक वापरतात. गॅलिलिओच्या नावावरून आलेलं ‘गॅल’ म्हणजे 1 सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीचं गुरुत्व साधारण 980 गॅल. ज्वालामुखीच्या कामात मोजायचे असतात मायक्रोगॅल, म्हणजे गॅलचा दहा लाखावा भाग. एक मायक्रोगॅल म्हणजे एकूण गुरुत्वाचा जवळपास शंभर कोटीवा हिस्सा.

हा आकडा किती नाजूक आहे ते असं बघा. यंत्र आहे त्या जागेवरून 3 मिलिमीटर वर उचललं, तर वाचन साधारण 1 मायक्रोगॅलने कमी होतं, कारण आपण पृथ्वीच्या केंद्रापासून तेवढे लांब गेलो. 1 सेंटिमीटरला 3 मायक्रोगॅल, 1 मीटरला 308 च्या आसपास. हे गणित लक्षात राहू द्या, पुढे सारखं लागणार आहे.

इतकं बारीक मोजणारं यंत्र मुळात एक स्प्रिंग आणि तिला टांगलेलं वजन एवढंच असतं. गुरुत्व वाढलं की वजन किंचित खाली ओढलं जातं. 1930 च्या दशकात टेक्सास विद्यापीठात लुसियन लाकोस्ट हा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक अर्नोल्ड रोमबर्ग यांनी स्प्रिंगची अशी रचना शोधली की गुरुत्वातल्या इवल्याशा बदलालाही ती मोठा प्रतिसाद देते. त्या तत्त्वावरची यंत्रं पुढे कित्येक दशकं जगभरच्या ज्वालामुखींवर हिंडली.

प्रत्यक्ष काम मात्र कंटाळवाणं आहे. खडकात ठोकलेल्या धातूच्या खुणेवर तिपाई ठेवायची, तिचे स्क्रू फिरवून बुडबुडा बरोबर मध्ये आणायचा. वारा असेल तर आडोसा धरायचा, कारण झुळकेनेही आकडा थरथरतो. काही मिनिटं वाचनं घ्यायची, यंत्र पेटीत घालायचं, धक्का न लावता पुढच्या खुणेपर्यंत न्यायचं. दिवसाच्या शेवटी पहिल्या खुणेवर परत यायचं आणि तिथलं वाचन पुन्हा घ्यायचं. ते सकाळच्या आकड्याशी जुळत नाही, जुळायची अपेक्षाही नसते. स्प्रिंग दिवसभरात स्वतःहून थोडी सैलावते, आणि तिची ही सरकण काढून टाकायची तर सुरुवातीच्या जागी परतणं भागच असतं. काही महिन्यांनी, नाहीतर वर्षाने, त्याच खुणांवर हेच सगळं पुन्हा.

स्प्रिंगचं यंत्र दोन जागांतला फरक सांगतं. गुरुत्वाचं खरं मूल्य हवं असेल तर वस्तू खाली टाकून बघणं हाच उपाय, आणि आजची ‘निरपेक्ष’ यंत्रं नेमकं तेच करतात. निर्वात नळीत एक प्रिझम सुमारे 20 सेंटिमीटर खाली पडतो. त्याच्यावरून परतणाऱ्या लेसरच्या प्रकाशाने त्याची जागा मोजतात, अणुघड्याळाने वेळ. असं शेकडो वेळा करून सरासरी काढली की दोन-एक मायक्रोगॅलपर्यंतची खात्री मिळते. तिसरा प्रकार अतिवाहक यंत्रांचा. त्यात द्रवरूप हेलियमच्या तापमानाला निओबियम धातूची छोटी पोकळ गोळी चुंबकीय क्षेत्रात तरंगत ठेवतात. स्प्रिंगच नाही, त्यामुळे सैलावण्याचा प्रश्न जवळपास संपतो. ही यंत्रं मायक्रोगॅलच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपासचे बदलही पकडतात. मात्र ती पाठीवर टाकून डोंगर चढता येत नाही.

एक कोटी घनमीटर मॅग्मा आणि शंभर मिलिमीटर पाऊस

आता एक साधा हिशेब करू. समजा ज्वालामुखीखाली 1 कोटी घनमीटर नवा मॅग्मा येऊन साठला. त्याचं वस्तुमान साधारण अडीच कोटी टन. तो 1 किलोमीटर खोलीवर असेल तर बरोबर वर उभ्या असलेल्या यंत्राला 165 मायक्रोगॅलच्या आसपास वाढ दिसेल. हे अगदी ठळक, न चुकता दिसेल असं. तोच मॅग्मा 3 किलोमीटरवर असेल तर 18. आणि 6 किलोमीटरवर असेल तर साडेचारच्या घरात. खोली दुप्पट झाली की परिणाम चौपट घटतो, न्यूटनच्या नियमाला पर्याय नाही.

साडेचार मायक्रोगॅल मोजता येत नाहीत असं नाही. अडचण अशी की तेवढाच बदल घडवणाऱ्या इतर गोष्टी कितीतरी आहेत. यंत्राखालच्या जमिनीत 100 मिलिमीटर पाऊस मुरून राहिला की गुरुत्व सुमारे 4 मायक्रोगॅलने वाढतं. म्हणजे जमिनीखाली 6 किलोमीटरवर आलेला अडीच कोटी टन मॅग्मा आणि आठवडाभराचा चांगला पाऊस यंत्राला एकसारखेच दिसतात! चंद्र-सूर्याच्या ओढीने फक्त समुद्रच फुगतो असं नाही, घट्ट जमीनही दिवसातून वीस-तीस सेंटिमीटर वर-खाली होते, आणि त्यापायी वाचन दोनशे मायक्रोगॅलहून जास्त हेलकावतं. हवेचा दाब बदलला की वरच्या हवेचं वस्तुमान बदलतं, त्याचीही नोंद होते. वादळ येऊन दाब 30 हेक्टोपास्कलने उतरला तर दहा-एक मायक्रोगॅलचा फरक पडतो.

भरती-ओहोटीचं गणित इतकं पक्कं आहे की ते सहज वजा होतं. हवेच्या दाबाचंही बरंचसं होतं. पाण्याचं मात्र होत नाही. डोंगरात पाणी कुठल्या भेगेतून कुठे गेलं हे कोणालाच नेमकं ठाऊक नसतं, आणि ज्वालामुखी म्हणजे भेगाच भेगा. गुरुत्व मोजणाऱ्या लोकांचा निम्मा वेळ मॅग्मा शोधण्यापेक्षा पाण्याचा हिशेब लावण्यात जातो असं म्हटलं तर ते नाकारणार नाहीत.

त्यात जमिनीची उंचीही बदलत असते. खाली मॅग्मा भरला की वरची जमीन फुगते, यंत्र उचललं जातं आणि वाचन कमी होतं. म्हणजे आत वस्तुमान वाढतंय आणि यंत्र मात्र घट दाखवतंय! म्हणून जीपीएस किंवा उपग्रहाच्या रडारने उंचीतला बदल वेगळा मोजायचा, त्याचा भाग वजा करायचा, आणि मग जे उरतं ते पाहायचं. खरी गोष्ट या उरलेल्या आकड्यात असते.

कॅलिफोर्नियातल्या लाँग व्हॅली या जुन्या ज्वालामुखी खोऱ्यात हे स्वच्छ दिसलं. 1980 पासून तिथे धक्के बसत होते आणि खोऱ्याचा मधला भाग वर येत होता. कारण काय? खाली मॅग्मा शिरतोय, की जमिनीतलं गरम पाणी आणि वाफ दाब वाढवतेय? दोन्हींनी जमीन फुगू शकते, नुसत्या फुगण्यावरून ओळखता येत नाही. 1982 आणि 1998 ची गुरुत्व-मोजणी ताडून पाहिली तेव्हा मध्यभागी 107 मायक्रोगॅलची घट होती. उंची आणि भूजल यांचा परिणाम काढून टाकला आणि चिन्हच पालटलं: 64 मायक्रोगॅलची वाढ. एवढी वाढ व्हायला आत आलेल्या पदार्थाची घनता पाण्याच्या किमान 2.7 पट हवी. गरम पाणी इतकं जड नसतं. म्हणजे मॅग्माच.

हेच काम दुसऱ्या कुठल्याही साधनाला जमत नाही. भूकंपमापक सांगतो की खडक तडकतोय. जीपीएस सांगतं की जमीन फुगतेय. आत भरलंय ते जड आहे की हलकं, हे गुरुत्वच सांगतं.

न फुगता भरलेला किलाउएआ

हवाईच्या किलाउएआचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. नोव्हेंबर 1975 मध्ये त्याच्या दक्षिण उतारावर 7 पेक्षा मोठा भूकंप झाला आणि शिखराखालचा मॅग्मा तिथून निघून गेला. त्यानंतर जानेवारी 2008 पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ, तिथे मधूनमधून गुरुत्व मोजलं गेलं. शिखरावरच्या हालेमाउमाउ विवराच्या पूर्व कडेखाली वस्तुमान सतत वाढत असल्याचं त्यात दिसत होतं. पण जमीन काही टिकून फुगली नव्हती. फक्त जीपीएसवर भिस्त ठेवली असती तर खाली काही विशेष साठत नाही असंच वाटलं असतं.

शास्त्रज्ञांनी लावलेला अर्थ असा, की 1975 मध्ये मॅग्मा निघून गेल्यावर खडकात भेगांचं एक जाळं रिकामं राहिलं होतं. नवा मॅग्मा त्या भेगा भरत गेला. जागा आधीच असल्यामुळे वरच्या जमिनीला ढकलायची त्याला गरज पडली नाही. मार्च 2008 मध्ये शिखरावर नवं तोंड फुटलं, आणि ते गुरुत्वातली वाढ जिथे सर्वाधिक होती तिथून अवघ्या काहीशे मीटरवर. पुढे त्या तोंडात लाव्हाचं तळं तयार झालं आणि ते 2018 पर्यंत टिकलं.

जागा अगदी बरोबर, मग ‘केव्हा’चं काय? तीस वर्षं हळूहळू चढत गेलेल्या आकड्यांवरून मार्च 2008 कोणी सांगू शकलं असतं का? नाही. गुरुत्वाने साठा दाखवला, साठा कधी उतू जाईल ते दाखवलं नाही. लाँग व्हॅलीत तर मॅग्मा आला हे सिद्ध झालं आणि उद्रेक अजूनही झालेला नाही. जगभर पाहिलं तर आत शिरणारा बराचसा मॅग्मा वर येतच नाही, आतच थांबतो आणि थिजतो.

कधी कधी आकड्यांचा अर्थ काय, यावरही एकमत होत नाही. इटलीत नेपल्सजवळच्या कॅम्पी फ्लेग्रेईत 1982 ते 1984 या काळात पोत्सुओली गावाखालची जमीन जवळपास 1.8 मीटर वर आली. हजारो लोकांना घरं सोडावी लागली, आणि उद्रेक काही झाला नाही. गुरुत्व घटलं होतं, पण उंचीच्या हिशेबाने जितकं घटायला हवं होतं तितकं नाही. अर्थात आत काहीतरी भरलं होतं. ते काहीतरी गोलाकार कोठीत भरलं असं धरून गणित केलं की मॅग्मासारखी घनता निघते. तेच आकडे घेऊन आडवी पसरलेली भेग धरली की घनता पाण्याच्या आसपास येते, आणि मग संशय गरम पाण्यावर व वायूंवर जातो. तिथली जमीन 2005 पासून पुन्हा वर येऊ लागली आहे, आणि हा वाद आता निव्वळ इतिहासाचा राहिलेला नाही.

मोजणीतला दुसरा दुबळेपणा माणसाला विवरापर्यंत जावं लागण्याचा. 14 जानेवारी 1993 रोजी कोलंबियातल्या गालेरास ज्वालामुखीवर एका परिषदेसाठी जमलेले शास्त्रज्ञ वर गेले असताना अचानक स्फोट झाला. नऊ जण मेले. त्यांत ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे जेफ ब्राऊन होते. ज्वालामुखींवर सूक्ष्म गुरुत्व-मोजणी करणाऱ्या पहिल्या फळीतले ते एक, आणि त्या दिवशीही मोजणीच चालली होती. जिथला आकडा सगळ्यात उपयोगी, तीच जागा सगळ्यात धोक्याची, हा या कामातला पेच आहे. शिवाय वर्षातून एकदा-दोनदा घेतलेल्या वाचनातून, तासा-दोन तासांत वर चढणारा मॅग्मा हाती लागण्याची शक्यता फारच थोडी.

म्हणून यंत्र तिथेच ठेवून सतत मोजायचं, हा आताचा प्रयत्न आहे. सिसिलीतल्या एटनावर अतिवाहक यंत्रं बसवली आहेत, आणि 2020 मध्ये तिथेच एक क्वांटम गुरुत्वमापकही ठेवला गेला. त्यात प्रिझमऐवजी रुबिडियमचे अणू पडतात. लेसरने त्यांना निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करतात, मग सोडून देतात, आणि पडताना त्यांच्या तरंगांत होणारा फरक वाचतात. झिजणारा भाग नाही, आणि मिळणारं मूल्य निरपेक्ष असतं. धूर, राख, थंडी, विजेची अनिश्चितता आणि सतत थरथरणारी जमीन एवढ्या सगळ्यात प्रयोगशाळेतलं असं यंत्र महिनोन्‌महिने चालू राहिलं, हे मला त्यातल्या भौतिकशास्त्राइतकंच कौतुकाचं वाटतं. दुसऱ्या बाजूने, मोबाइलमधल्या सेन्सरच्या धर्तीवर सिलिकॉनच्या चकतीतून कोरलेले स्वस्त गुरुत्वमापक तयार होत आहेत. त्यांची अचूकता कमी आहे, पण एका डोंगरावर ते डझनांनी पेरता येतील.

ताणलेली दोरी

आता भूकंप. इथे मात्र मुळातच गोष्ट वेगळी आहे.

मोठा भूकंप होण्याआधी दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, एकमेकांत अडकून बसलेले असतात. पाठीमागून त्यांना वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने ढकललं जात असतं. खडक किंचित वाकतात, दबतात, आणि त्यांत ऊर्जा साठत जाते. शंभर वर्षं, कधी पाचशे वर्षं. पण या साठवणुकीत कोणतंही मोठं वस्तुमान एका जागेवरून दुसरीकडे गेलेलं नसतं. ताणलेल्या धनुष्याचं वजन सैल धनुष्याइतकंच असतं. तराजूत घालून दोरी ताणलेली आहे का हे कळत नाही, आणि गुरुत्वमापक हा शेवटी तराजूच.

अगदी शून्य परिणाम होतो असं नाही. जमीन वर्षाला काही मिलिमीटर वर-खाली होते, खडक थोडा दाबला जातो, त्याचा एखाद-दोन मायक्रोगॅलचा माग राहतो. पण तो वर्षानुवर्षं सावकाश बदलणारा आणि भूजलाच्या गोंगाटात बुडालेला. आणि दोरी नेमकी कधी सुटणार, याबद्दल त्यात काहीच नसतं.

तरीही दावे बरेच झाले. 28 जुलै 1976 च्या तांगशान भूकंपात अधिकृत आकड्यानुसार 2 लाख 42 हजार माणसं मेली. त्याच्या आधीच्या काळात गुरुत्वात मोठे बदल झाले होते, असं चिनी शास्त्रज्ञांनी नंतर मांडलं. त्या देशाने पुढे गुरुत्व-मोजणीचं मोठं जाळंच विणलं. 2015 च्या नेपाळ भूकंपानंतरही असाच शोधनिबंध आला: तिबेटच्या दक्षिण भागात आधीची काही वर्षं गुरुत्व वर्षाला वीस मायक्रोगॅलच्या आसपास वाढत होतं. त्यावर दुसऱ्या गटाने साधा प्रश्न विचारला. एवढ्या विस्तृत प्रदेशात खरोखरच घनता इतकी वाढत असेल तर ती उपग्रहांनाही दिसली पाहिजे. मग उपग्रहांच्या नोंदीत ती का नाही?

हे उपग्रह म्हणजे ग्रेस. 2002 मध्ये सोडलेली ही जोडी एकामागोमाग साधारण 220 किलोमीटर अंतर राखून फिरत असे. पुढचा उपग्रह जास्त गुरुत्वाच्या प्रदेशावर आला की किंचित पुढे ओढला जाई आणि दोघांतलं अंतर बदले. ते अंतर मायक्रोमीटरपर्यंत मोजून सगळ्या पृथ्वीच्या गुरुत्वाचा नकाशा दर महिन्याला बनत असे. ही जोडी 2017 पर्यंत चालली, आणि 2018 मध्ये तिची वारसदार जोडी वर गेली. 26 डिसेंबर 2004 च्या सुमात्रा भूकंपाने समुद्रतळाखाली केलेला कायमचा बदल ग्रेसने अवकाशातून टिपला, तेव्हा तो मोठाच शोध ठरला. पण तो बदल भूकंपानंतरचा. शिवाय ग्रेसला काहीशे किलोमीटरपेक्षा लहान गोष्ट वेगळी दिसत नाही, त्यामुळे एखादा ज्वालामुखी तिच्या नजरेत येत नाही.

2018 मध्ये एका गटाने ग्रेसच्याच नोंदी पुन्हा चाळल्या. 11 मार्च 2011 च्या जपानमधल्या तोहोकू महाभूकंपाआधी काही महिने भूपट्टाच्या खोल भागात हालचाल झाल्याचं गुरुत्वात दिसतं, असं त्यांचं म्हणणं. कल्पना आकर्षक आहे. पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी तपासून सांगितलं की त्या प्रकारच्या खुणा इतर वेळीही सापडतात, भूकंप न होताही. या क्षेत्रात हे पुनःपुन्हा होतं. भूकंप झाल्यावर आधीच्या नोंदी उकरायच्या म्हटलं की काहीतरी वेगळं सापडतंच, कारण नोंदी अफाट आहेत आणि त्यांत चढउतारही अफाट. भूकंप व्हायच्या आधी जाहीर केलेली खूण आणि मग झालेला भूकंप, असं गुरुत्वाच्या बाबतीत विश्वासार्हपणे आजवर घडलेलं नाही. म्हणून समाजमाध्यमांवर कोणी ‘गुरुत्व बदललंय, अमुक तारखेला भूकंप’ असं सांगत असेल तर खुशाल पुढे सरकावं.

‘केव्हा’ सांगता येत नसलं तरी ‘कुठे’ याबद्दल गुरुत्वाकडे थोडं काही आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरच्या सागरी खंदकांच्या कडेने गुरुत्व कसं बदलतं ते पाहिलं गेलं. आसपासच्या मानाने गुरुत्व जिथे बरंच कमी, त्या पट्ट्यांत महाभूकंपांत जास्त मोठी घसरण झालेली दिसली. भूपट्ट जिथे एकमेकांना घट्ट चिकटले आहेत तिथे वरचा समुद्रतळ खाली ओढला जातो आणि गुरुत्व कमी भरतं, असा त्यामागचा तर्क. धोक्याचे नकाशे करताना हे उपयोगी आहे, तारीख ठरवायला नाही.

प्रकाशाच्या वेगाने आलेली बातमी

खरी गंमत आहे ती भूकंप सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत.

दोरी सुटली की वस्तुमान हलतं, आणि प्रचंड हलतं. खडक एका बाजूला दाबला जातो, दुसऱ्या बाजूला विरळ होतो, आणि हा दाब भूकंपलहरींच्या रूपाने सेकंदाला सहा-आठ किलोमीटर वेगाने पसरतो. पण गुरुत्वातला बदल प्रकाशाच्या वेगाने जातो. म्हणजे दूरच्या केंद्रावर पहिली लहर पोहोचायच्या कितीतरी आधी, तत्त्वतः, यंत्राला कळलं पाहिजे की कुठेतरी खूप मोठं वस्तुमान सरकतंय.

तत्त्व जुनं, पण प्रत्यक्षात ते सापडायला तोहोकूची वाट पाहावी लागली. 2016 मध्ये एका गटाने जपानच्याच कामिओका इथल्या अतिवाहक यंत्राच्या नोंदीत, केंद्रापासून सुमारे 500 किलोमीटरवर, लहर येण्याआधीची खूण मिळाल्याचं मांडलं. 2017 मध्ये दुसऱ्या अभ्यासाने दूरच्या अनेक भूकंपमापकांवर ती जास्त स्वच्छ दाखवली. हजार किलोमीटरपलीकडे, चीनच्या मुदानजियांग केंद्रावर, पहिली लहर पोहोचायला साधारण पावणेतीन मिनिटं लागली. त्या पावणेतीन मिनिटांत तिथल्या नोंदीत एक हलका उतार हळूहळू वाढत गेलेला दिसतो. आकार एक-दोन नॅनोमीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे मायक्रोगॅलचा दहावा-पाचवा हिस्सा.

तो इतका पुसट का, यातही एक मजा आहे. गुरुत्व बदललं की यंत्रातलं वजन ओढलं जातं, पण यंत्राखालची जमीनही त्याच ओढीने हलते. दोघं जवळपास बरोबर हलले तर यंत्राला काहीच कळत नाही, कारण ते दोघांतला फरक मोजतं. सुरुवातीला ही दोन कारणं एकमेकांना जवळपास खोडून काढतात, आणि उरतो तो थोडासा शिल्लक भाग.

त्याचा उपयोग काय? हादरे बसायच्या आधी लोकांना सावध करायला फारसा नाही. किनाऱ्याजवळचे भूकंपमापक ते काम काही सेकंदांत करतात. उपयोग आहे तो आकार ओळखण्यात. 11 मार्च 2011 ला भूकंप सुरू झाल्यावर तीनच मिनिटांत जपानच्या हवामान संस्थेने त्सुनामीचा इशारा दिला. वेग वाखाणण्यासारखा, पण त्या घडीला तीव्रतेचा अंदाज 7.9 होता. खरी तीव्रता 9.0 निघाली, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने चाळीस पटींहून जास्त. त्यामुळे पहिल्या इशाऱ्यात इवाते आणि फुकुशिमासाठी 3 मीटर आणि मियागीसाठी 6 मीटर उंचीच्या लाटा सांगितल्या गेल्या. काही ठिकाणी पाणी चाळीस मीटरच्या आसपास उंचीपर्यंत चढलं. फार मोठ्या भूकंपात नेहमीच्या लहरींवरून केलेला झटपट अंदाज असा आखूड पडतो, 8 आणि 9 यांतला फरक त्याला लवकर कळत नाही. गुरुत्वाची खूण मात्र सरकलेल्या वस्तुमानाबरोबर वाढत जाते.

2022 मध्ये एका गटाने संगणकाला या पुसट खुणा ओळखायला शिकवलं आणि तोहोकूच्या जुन्या नोंदी जशा आल्या त्याच क्रमाने त्याच्यासमोर सोडल्या. भूकंप वाढत असतानाच त्याची वाढ त्या पद्धतीला मागोमाग टिपता आली. पण हे साधारण 8.3 च्या वरच्या भूकंपांपुरतंच जमतं. त्याखालचे भूकंप जमिनीच्या नेहमीच्या कुरबुरीत हरवतात, आणि माणसं मारणारे बहुतेक भूकंप त्याखालचेच असतात. ही मर्यादा खाली आणायची तर जमिनीच्या हलण्याने फसणार नाहीत अशी यंत्रं लागतील, दोन जवळच्या वजनांवरच्या ओढीतला फरक मोजणारी. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लोकांकडे तसलं तंत्र आहे, आणि जपानमध्ये आडव्या दांड्या टांगून त्यांचं किंचित वळणं मोजणारी उपकरणं त्याच हेतूने घडवली जात आहेत.